गणेशखिंडची बाग: दीडशे वर्षांची कलमे

औंध, खडकी आणि विद्यापीठ यांच्या मधोमध, मुळा नदीच्या बाजूला असलेली गणेशखिंडची बाग १८७३ साली लागली. पुणेकर तिला आपापल्या नात्याने ओळखतात. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी बोटॅनिकल गार्डन म्हणतात, जुने खडकीकर फळबाग म्हणतात, आणि पाऊस तोंडावर आला की कलमे न्यायला येणारे शेतकरी ‘कृषीची नर्सरी’ म्हणतात. सरकारी कागदावर ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचा भाग आहे, आणि २०२० पासून महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेले जैवविविधता वारसा स्थळही आहे.

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे कोण कधी रुजू झाले, कोणती इमारत कधी बांधली, याची जंत्री देण्याचा प्रघात आहे. या बागेला ती मोजपट्टी पुरत नाही. इथे लावलेले झाड इथेच राहिले आणि त्याच्या काड्या, डोळे, रोपे दूरदूर गेली. फ्लोरिडातला रंगीत आंबा, राहात्याचा पेरू आणि सांगोल्याचे डाळिंब, या तिन्हींचा माग काढत मागे गेले की वाट गणेशखिंडीकडे वळते. खाणाऱ्याला हे माहीत नसते, आणि पुष्कळदा पिकवणाऱ्यालाही नसते. म्हणून या स्मरणिकेत बागेची हकिकत शक्य तितकी फळांच्या मागोमाग सांगायची असे ठरवले.

खिंड, माळ आणि लाटसाहेबांचा बंगला

बाग लागण्यापूर्वीही ही जागा अनोळखी नव्हती. खिंडीतल्या गणपतीमुळे तिला नाव मिळाले होते. चतुःशृंगीच्या टेकड्यांपासून खडकीपर्यंत उतरत गेलेला हा मोकळा माळ. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई याच भागात झाली. पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले लढत होते आणि दुसरा बाजीराव पर्वतीवरून ती लढाई पाहत होता. त्या दिवशी नदीपलीकडच्या दापोडीहून फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याची पलटण येऊन कंपनीच्या फौजेला मिळाली. बागेच्या इतिहासात या फोर्डचे काय काम, असे वाचकाला वाटेल. काम आहे. दापोडीचा त्याचा बंगला पुढे सरकारकडे आला, मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम तिथे पडू लागला, आणि सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८२८ साली त्या बंगल्याभोवती सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. गणेशखिंडच्या बागेची ही थोरली बहीण.

दापोडीच्या बागेचे नाव झाले ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यामुळे. १८३८ पासून ते तिथले अधीक्षक होते. पेशाने शल्यचिकित्सक, पण जीव झाडांत. औषधी वनस्पती लावणे, परदेशी फळझाडे इथल्या मातीत रुजतात का ते पाहणे, बी-रोपे वाटणे अशी कामे त्यांच्या देखरेखीखाली चालत. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्याच सुमारास त्यांनी एका स्थानिक चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ही ‘दापुरी चित्रे’ आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. पाना-फुलांची शीर दिसावी इतकी ती बारकाईने काढलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र त्यांवर नाही. पुढे गणेशखिंडीतही हेच घडताना दिसते: साहेबाचे नाव राहते, ज्याच्या हातून काम झाले त्याचे राहत नाही.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ साली गणेशखिंडीत नव्या राजभवनाचे काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये ते पुरे झाले. मधल्या काळात, १८६५ साली, दापोडीची मालमत्ता सरकारने सोडली आणि तिथली बागही मोडली. सदतीस वर्षांचे जमवलेले विखुरले. काही वर्षे पुण्यात सरकारी वनस्पती उद्यान असे उरले नाही. ती उणीव भरून निघाली १८७३ मध्ये, राजभवनाच्या शेजारी गणेशखिंडची बाग लागली तेव्हा. त्याच वर्षी, २४ सप्टेंबरला, जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. शेतकऱ्याच्या मुलांना शेतीचे शास्त्र शिकवा, असे सरकारला ठणकावून सांगणारे आणि मांजरीला कालव्याच्या पाण्यावर स्वतः शेती करणारे जोतीराव. त्यांचेच नाव लावणाऱ्या कृषी विद्यापीठाकडे ही बाग शंभरेक वर्षांनी आली. गव्हर्नरसाहेबांच्या शेजारी लागलेली बाग शेतकऱ्यांच्या नावावर झाली, ही मला या इतिहासातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

राजभवनाच्या शेजाराने या भागाला दुसरीही एक तारीख दिली. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती गणेशखिंड रस्त्यावर. स्वातंत्र्यानंतर राजभवनाच्या त्या वास्तूत पुणे विद्यापीठ आले. बंगल्यातले राज्यकर्ते बदलले, वास्तूचा उपयोग बदलला; शेजारची बाग फळझाडांचीच राहिली.

वुड्रोंची आमराई

बागेचे पहिले मोठे नाव जी. मार्शल वुड्रो. ते गणेशखिंडच्या बागेचे अधीक्षक होते आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत. त्या कॉलेजात १८७९ साली शेतीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे पुण्याचे कृषी महाविद्यालय उभे राहिले. त्यामुळे गणेशखिंडची बाग आणि पुण्यातले शेतीशिक्षण यांची गाठ आरंभापासूनची आहे. वुड्रोंचे ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक त्या काळी हिंदुस्थानात बाग करणाऱ्या इंग्रजी वाचकाच्या हाताशी असे आणि त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. सह्याद्री आणि दख्खनमधल्या वनस्पती त्यांनी हिंडून गोळा केल्या. डायमेरिया वुड्रोवाय हे एका गवताचे शास्त्रीय नाव त्यांच्यावरून पडले आहे.

पण त्यांचा खरा ओढा आंब्याकडे होता. निवृत्तीनंतर १९०४ मध्ये त्यांनी आंब्याची लागवड आणि जाती यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुण्याची हवा आंब्याला कोकणाइतकी मानवत नाही. मोहोर येण्याच्या दिवसांत थंडी कडक असते आणि उन्हाळा कोरडा. तरीही घाटावर आंब्याच्या जाती एकत्र लावून ठेवण्यात एक शहाणपण होते. इथे त्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की मोहोर कोणाचा आधी येतो, फळ कोणाचे टिकते, कोण एक वर्षाआड धरते, हे एकाच हवेत ताडून पाहता येते. आंब्याच्या अभ्यासाला अशी आमराई म्हणजे वाचनालय. फक्त त्यातली पुस्तके वाढायला वीस वर्षे घेतात.

त्या काळी कलम म्हणजे भेट कलम. कुंडीत वाढवलेले रोप चांगल्या झाडाच्या फांदीपाशी न्यायचे, उंच फांदी असेल तर मांडव घालून त्यावर कुंड्या ठेवायच्या, दोन्हींची साल तासून एकमेकांना बांधायचे आणि जुळेपर्यंत पाणी घालत राहायचे. महिने लागत. जुळल्यावर फांदी मूळ झाडापासून हळूहळू कापून सुटी करायची. घाई केली तर कलम वाळते, उशीर केला तर बांध सालीत रुततो. हे काम पुस्तकातून येत नाही. ते माळ्याच्या बोटांत असते.

१८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने मुंबईमार्गे हिंदुस्थानातून आंब्याची कलमे मागवली. ती पुण्याहून गेली आणि व्यवस्था वुड्रोंच्या हातून झाली. आगबोटीतून समुद्रापार गेलेल्या त्या भेट कलमांपैकी मलगोब्याची काही फ्लोरिडात लेक वर्थच्या काठी एल्ब्रिज गेल यांच्याकडे लागली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात फ्लोरिडात असा गारठा पडला की बागाच्या बागा गेल्या. गेल यांचे मलगोब्याचे एक झाड तेवढे वाचले. काही वर्षांनी त्याला फळ धरले आणि लोक ते पाहायला येऊ लागले, कारण त्या मुलखात तोवर आंबा म्हणजे दोरेदार, टर्पेंटाइनच्या वासाचा. त्याच झाडाच्या फळांच्या कोयी कॅप्टन जॉन हेडन यांनी १९०२ मध्ये कोकोनट ग्रोव्हला लावल्या. कॅप्टन लवकरच वारले. त्यांच्या पत्नीने रोपे जगवली. १९१० मध्ये त्यांतल्या एकाला लालसर पिवळी, मोठी फळे आली. तो ‘हेडन’ आंबा. आज अमेरिकेच्या आणि युरोपच्या दुकानांत जो टॉमी अ‍ॅटकिन्स सर्रास दिसतो तो हेडनचाच वंशज, आणि फ्लोरिडात तयार झालेल्या इतर कित्येक जाती याच घराण्यातल्या.

आपल्याकडच्या चोखंदळ माणसाला टॉमी अ‍ॅटकिन्सची चव रुचणार नाही, हे मान्य. हापूस-पायरीवर वाढलेल्या जिभेला तो आंबा म्हणून पटतच नाही. पण जगाच्या बाजारात पोचलेल्या एका आंब्याच्या कुळाची मूळ कलमे पुण्यात बांधली गेली आणि त्या काळात पुण्यातल्या सरकारी आंब्यांचा कारभार गणेशखिंडीतून चालत होता, ही गोष्ट शालेय पुस्तकात यायला हवी होती. ती कलमे बांधणारे हात कोणत्या माळ्यांचे, हे कोणत्याही अहवालाने लिहून ठेवलेले नाही.

पिंपळे सौदागर आणि शेजारपाजार

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याचे कृषी महाविद्यालय स्वतंत्र झाले आणि गणेशखिंडच्या भोवतालची वस्ती शेतीसंशोधनाच्या नजरेखाली आली. महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर आदी सहकाऱ्यांना घेऊन औंधाच्या पलीकडे, मुळेच्या पलीकडच्या पिंपळे सौदागर गावाची घर न् घर पाहणी केली. १९१७ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास भारतातल्या ग्रामीण अर्थशास्त्राच्या आरंभीच्या पाहण्यांपैकी एक मानला जातो. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी शेतकऱ्याकडे ४० एकर होते, १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आले, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले, असे त्यांनी दाखवून दिले.

हे इथे सांगण्याचे कारण असे की बागेच्या कुंपणाबाहेरचा शेतकरी कोण होता हे त्यावरून कळते. एका एकराच्या तुकड्यावर तो बाजरी-ज्वारी सोडून फळझाड का लावेल? फळाला येईपर्यंत चार-पाच वर्षे त्याने खायचे काय? त्याला धोका पत्करणे परवडत नाही म्हणून कोणीतरी दुसऱ्याने तो पत्करायला हवा होता. शंभर रोपे लावून पंच्याण्णव उपटून टाकायची आणि उरलेल्या पाचांतून एखादे निवडायचे, हा खर्च सरकारी बागच करू शकत होती. गणेशखिंडने पुढल्या तीन दशकांत हेच केले. म्हणूनच, शेतीचे उत्पन्न ताबडतोब दाखवा असा तगादा अशा बागांच्या मागे लावणे मला चुकीचे वाटते. त्यांचे उत्पन्न दुसऱ्याच्या शेतात दिसते, आणि तेही वीस-तीस वर्षांनी.

आता पिंपळे सौदागरला शेत शोधावे लागते. जिथे मॅनसाहेबांनी बांध मोजले तिथे बारा-पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत. खडकी तेव्हाही लष्कराची होती. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, बाजार, चर्च, मशिदी आणि देवळे घेऊन ती आपल्या जागी राहिली. बोपोडी आणि औंध रस्त्याच्या वस्त्यांत कारखान्यात जाणारी, लष्करात काम करणारी आणि बागेत मजुरीला येणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहिली. एकाच घरात बाप ‘फॅक्टरी’त आणि आई बागेत खुरपणीला, ही या भागातली घरोघरची गोष्ट. पहाटेचा भोंगा आणि मोहोराचा वास या दोन्हींवर इथल्या पिढ्या वाढल्या. नदीकाठच्या या झाडीत पक्षी पाहायला येणारे, फिरायला येणारे आणि हातात वही घेऊन पानांचे नमुने मांडणारे विद्यार्थी, हा शेजाराचा दुसरा भाग.

चीमांची दोन झाडे

१९२० च्या आसपास मुंबईच्या शेतकी खात्याने डब्ल्यू. बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांचे ‘द बुक ऑफ द मँगो’ हे पत्रक प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातल्या आंब्यावरचे ते पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानले गेले. याच काळात गणेशखिंड फळप्रयोग केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले आणि तिथली सूत्रे आली डॉ. गंडासिंग चीमा यांच्याकडे. पंजाबातून आलेला हा माणूस मुंबई सरकारचा फळबाग तज्ज्ञ झाला आणि महाराष्ट्राच्या फळशेतीवर त्याने जे केले त्याला तोड नाही. पुढे १९५४ मध्ये भट आणि नाईक यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘कमर्शियल फ्रूट्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक शेतकी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. द्राक्षातली ‘चीमा साहेबी’ ही जात त्यांच्याच नावाची.

त्यांच्या कामाची रीत साधी आणि कष्टाची होती. पेरू किंवा डाळिंबाचे बी पेरले की प्रत्येक रोप थोडे वेगळे निघते. बहुतेक मूळ झाडापेक्षा वाईट. पण सगळी रोपे वाढवून, एकेकाचे फळ वर्षानुवर्षे तोलून, चिरून, चाखून, नोंदवून पाहिले तर क्वचित एखादे उजवे सापडते. ते सापडले की बी पेरणे बंद. मग त्याच झाडाची गुटी किंवा कलम करायची म्हणजे पुढचे प्रत्येक झाड हुबेहूब तेच येते. यासाठी तीन गोष्टी लागतात: जागा, सबूर आणि न चुकता भरलेली नोंदवही. कामगाराने पाटी बदलली किंवा कारकुनाने ओळ चुकवली तर दहा वर्षांची मेहनत वाया.

१९२७ साली अलाहाबादी पेरूच्या रोपांतून अशी एक निवड झाली. तिला ‘लखनौ-४९’ हे नाव मिळाले. पुढे ‘सरदार’ असेही. ठेंगणे, पसरणारे झाड, पांढरा गर, भरपूर फळ. आज देशभर पेरूच्या ज्या मोजक्या जाती लावल्या जातात त्यांत एल-४९ पहिल्या पंगतीत आहे, आणि महाराष्ट्रात राहात्यापासून पुणे जिल्ह्यापर्यंत पेरूची बाग म्हटली की शेतकऱ्याच्या तोंडी हेच नाव येते. नावात लखनौ असल्यामुळे ही जात उत्तरेतून आली असे बहुतेकांना वाटते. ती गणेशखिंडीत निवडली गेली.

दुसरी निवड १९३६ सालची, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तिचे मोल फार मोठे. पुण्याच्या आसपास तेव्हा आळंदी किंवा वडकी या नावाने ओळखले जाणारे डाळिंब होत असे. दाणा लालभडक, पण बी कडक. दाताखाली चावत बसावे लागे. या आळंदीच्या रोपांतून चीमांनी मऊ बियांचे, मोठ्या फळाचे, भरघोस धरणारे एक झाड वेगळे काढले. बागेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला जीबीजी-१ म्हटले. जवळजवळ साडेतीन दशके ते याच नावाने वाढत राहिले. १९७० मध्ये त्याचे नामकरण ‘गणेश’ असे झाले.

गणेश डाळिंबाने काय केले ते सोलापूर, सांगली, नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांत जाऊन विचारावे. जिथे पाऊस अपुरा, जमीन हलकी, मुरमाड, तिथे डाळिंब तग धरते. शिवाय ते पाण्याचा ताण देऊन बहर धरता येणारे पीक: मृग, हस्त किंवा आंबे बहर, ज्याच्या विहिरीत जेव्हा पाणी असेल तेव्हा. ठिबक आल्यावर तर टँकरने पाणी आणून बागा जगवलेल्या गावांनी डाळिंबावर पक्की घरे बांधली, मुले शिकवली. फार वर्षे या बागा बहुतांशी गणेशच्याच होत्या. त्याचा एक उणेपणा होता: दाणा फिका गुलाबी, बाहेरचा रंग पिवळसर. निर्यातीच्या बाजाराला लाल फळ हवे. तेव्हा राहुरीच्या शास्त्रज्ञांनी गणेशचाच संकर ‘गुल-ए-शाह रेड’ या लाल जातीशी केला. त्यातून ‘मृदुला’ आली आणि त्यातूनच ‘भगवा’. आज महाराष्ट्रातून परदेशी जाणारे डाळिंब प्रामुख्याने भगवा असते. म्हणजे गणेश मागे पडला तो आपल्याच लेकरासाठी. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाले, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेल्या रोगाने बागा उद्‌ध्वस्त केल्या आणि शेतकरी पुन्हा उभे राहिले. या साऱ्या उलाढालीच्या मुळाशी १९३६ सालचे गणेशखिंडचे एक झाड आहे.

कृषी विद्यापीठाच्या काळात

१९६८ मध्ये राहुरीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि बाग त्याच्या छत्राखाली आली. फळांच्या जोडीला फुलांचे आणि बटाट्याचे संशोधन सुरू झाले. अ‍ॅस्टरच्या ‘फुले गणेश व्हाइट’, ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश व्हायोलेट’, ‘फुले गणेश पर्पल’ या जाती इथल्या. दसऱ्याच्या सुमारास पुण्याच्या फुलबाजारात अ‍ॅस्टरच्या जुड्या भरलेल्या दिसतात. ग्लॅडिओलसवरही काम झाले. कलमांची पद्धतही बदलली. भेट कलमाची दगदग मागे पडून कोय कलम आणि मृदकाष्ठ कलम आले, एका हंगामात पूर्वीच्या कितीतरी पट रोपे होऊ लागली. पण मातृवृक्षाशिवाय यांतले काहीच चालत नाही. काडी जातिवंत झाडाचीच लागते, आणि जातिवंत झाड म्हणजे ज्याचा इतिहास लिहिलेला आहे असे झाड. नर्सरीत पन्नास रुपयांना मिळणारे रोप कोणत्या झाडाचे हे सांगता आले नाही तर शेतकऱ्याची सात वर्षे फुकट जातात. सरकारी नर्सरीवरचा विश्वास या एका गोष्टीवर टिकलेला आहे.

या काळातली एक खंत लिहिली पाहिजे. शहर जसजसे चहूबाजूंनी चढत आले तसतशी बागेकडे मोकळी जमीन म्हणून पाहण्याची सवय पुण्याला लागली. रस्ता रुंद करायचा, वाहनतळ काढायचा, काही बांधायचे की बोट पहिल्यांदा इथे जाते. गणेशखिंड रस्त्याचेच पाहा. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला गेला आणि २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडलाही गेला. रस्त्याकडेची मोठी झाडे रुंदीकरणात तुटली. पूल पाडून पुन्हा बांधता येतो. दीडशे वर्षांचा आंबा तोडल्यावर तो परत लावायला पैसा असून उपयोग नाही.

२०२० ची घोषणा

केंद्राच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यात वारसा स्थळे जाहीर करण्याची तरतूद आहे. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने या तरतुदीखाली गणेशखिंडची ३३.०१ हेक्टर बाग जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलासारख्या ठिकाणांच्या यादीत एका शहरातली, माणसाने लावलेली बाग बसली, हे विशेष. जंगल आपोआप उगवते. इथले प्रत्येक झाड कोणीतरी खड्डा खणून, आळे करून, पाणी घालून वाढवले आहे. कायद्याने त्या श्रमालाही वारसा मानले असा मी याचा अर्थ घेतो. घोषणेमागे नागरिकांची आणि अभ्यासकांची बरीच वर्षांची धडपड होती, हेही विसरता कामा नये.

घोषणा झाली म्हणून बाग आपोआप जपली जाईल असे समजण्याचे कारण नाही. आंब्याची जुनी झाडे म्हातारी होत आहेत. खोडकिडा लागतो, वादळात फांद्या मोडतात, भोवतालच्या बांधकामांमुळे जमिनीतले पाणी खाली जाते. प्रत्येक जुन्या झाडाची दोन-तीन कलमे नवीन जागी करून ठेवणे, झाडांवर पाट्या लावणे, जुन्या नोंदवह्यांचे संगणकीकरण करणे, ही कामे गाजावाजा न करता करायची आहेत. पैशांपेक्षा त्यांना टिकून राहणारी माणसे लागतात. आज सरकारी संस्थांत माळ्याची जागा रिकामी झाली की ती भरली जात नाही, कंत्राटी मजूर येतो आणि हंगाम संपताच जातो. कलम बांधण्याची कला त्याच्याबरोबर जाते. बागेपुढचा सर्वांत मोठा धोका मला रस्ता किंवा इमारत वाटत नाही. तो हा वाटतो.

वाचकांना विनंती

या लेखात अधिकाऱ्यांची नावे आहेत, कारण ती अहवालांत आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर छापलेली आहेत. बोपोडी, खडकी, औंध, दापोडी, सांगवी या भागांतल्या ज्या माळ्यांनी, खुरपणाऱ्या बायांनी, पाणक्यांनी आणि राखणदारांनी ही बाग दीडशे वर्षे हाताने वाढवली त्यांची नावे इथे नाहीत. ती त्यांच्या घरांत आहेत. तुमच्या घरात कोणी या बागेत कामाला होते का? आजोबा कलमे बांधत होते का, आजी आंबे निवडायला जात होती का? त्यांचे नाव, कामाची अंदाजे वर्षे आणि आठवत असेल ते काम एका कागदावर लिहा. जुना फोटो, पगाराची पावती, मस्टरचे पान, रोपे घेतल्याचे बिल, काही असेल तर त्याची प्रत काढा आणि ती बागेच्या कार्यालयात आणि या स्मरणिकेच्या संपादकांकडे द्या. तुमच्या वाड्यात, शेतात किंवा सोसायटीच्या आवारात जुना रायवळ आंबा असेल आणि तो तोडायची वेळ आली असेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी बागेतल्या माणसांना बोलवा आणि त्याच्या काड्या काढून घ्या. काडी काढण्यासाठी सकाळची वेळ बरी, आणि झाड पालवीत नसताना.